आभाराच्या दोन प्रती

बनी पार्क, जयपूर
३ ऑगस्ट २०२४

प्रिय आत्या,

बाबा म्हणाले, "रत्नमालाला फोन करू नकोस, पत्र लिही. फोनवर ती दोन मिनिटांत इंग्रजीत शिरते आणि मग स्वतःवरच चिडते." म्हणून हा मेल, पण पत्रासारखा.

मी जयपूरला येऊन वर्ष झालं. आमची कंपनी अमेरिकेतल्या शाळांसाठी धडे लिहिते. हो, इथे बसून. बनी पार्कातला एक जुना बंगला, खाली दातांचा दवाखाना, वर आम्ही चौदा जण. खालून दात कोरायच्या मशीनचा आवाज येत असतो आणि वर मी तिकडच्या मुलांना ऋतू कसे बदलतात ते समजावत असते.

आता परीक्षित सरांनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, चौथीसाठी थँक्सगिव्हिंगचा धडा दिलाय. त्यांचा सुगीचा राष्ट्रीय सण, एवढंच मला माहीत. कराडच्या मुलीला त्यातलं काय कळणार? तू तर एकेचाळीस वर्षं तिथे आहेस. सण कसा असतो, सुरू कसा झाला, सगळं सांग. चित्रं काढायला निहार आहे. तो इथेच वाढलेला मराठी मुलगा, बस्सीहून रोज बसने येतो. तो विचारतोय, "ताई, त्या आत्याजींना विचारा ना, टर्की मतलब मोरासारखा असतो का?"

तुझी,
संपदा


मेपल रिज
९ ऑगस्ट २०२४

चि. संपदा,

किती दिवसांनी मराठी टाइप करतेय. एकेक काना शोधावा लागतो. तुझे सुधाकरकाका गेल्यापासून घरात मराठी बोलायला भिंतीच उरल्या आहेत, तेव्हा तू असंच लिहीत जा.

टर्की मोरासारखा मुळीच नसतो म्हणावं. भुंड्या कोंबड्याला कोणीतरी हवा भरल्यासारखा दिसतो.

सणाचं सांगते. १९८३च्या नोव्हेंबरात मी इथे आले. सत्तावीस वर्षांची होते. काका इथल्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत नुकतेच लागले होते. गावात आपलं असं कोणीच नाही. थँक्सगिव्हिंगच्या दुपारी दारावर टकटक झाली. शेजारची डोरोथी. म्हणाली, "आज कोणी एकटं जेवत नसतं." मी मांस खात नाही म्हटल्यावर तिने माझ्यासाठी वेगळं ताट केलं. शेंगा, रताळं आणि क्रॅनबेरीची आंबटगोड चटणी. ती चटणी म्हणजे आपल्या चिंचगुळाची परदेशातली बहीण! काकांनाही फार आवडलं सगळं.

जेवताना डोरोथीने सणाची गोष्ट सांगितली. इंग्लंडहून लोक जहाजाने आले, थंडीत निम्मे मेले. तिथल्या मूळ लोकांनी त्यांना मका पेरायला शिकवलं. पीक आल्यावर दोघे एका पंगतीला बसले. बस. आलेल्याला पानावर बसवणं, एवढाच तो सण. तेव्हापासून दर वर्षी मी डोरोथीकडे जाते. आता तिचा मुलगा ग्लेन पंगत मांडतो, डोरोथी चौऱ्याऐंशीची झाली.

हे असंच लिही. मुलांना आवडेल.

तुझी आत्या


जयपूर
२४ ऑगस्ट २०२४

प्रिय आत्या,

तू सांगितलंस तसंच लिहायला बसले होते. साल तपासावं म्हणून वाचायला गेले आणि आता दोन आठवडे तेच वाचतेय. जेवण जात नाही.

जी पंगत तू सांगितलीस, ती १६२१ची. त्या काळातला तिचा वृत्तांत म्हणजे जेमतेम एका पत्रातला एक परिच्छेद. त्यात थँक्सगिव्हिंग हा शब्दच नाही. वाम्पानोआग नावाच्या मूळ लोकांचा सरदार नव्वद माणसं घेऊन आला, पाच हरणं मारून आणली, तीन दिवस जेवणं झाली, एवढंच. त्यांना आमंत्रण होतं की बंदुकांचे बार ऐकून ते धावत आले, यावरही एकमत नाही. 'हाच पहिला थँक्सगिव्हिंग' असं १८४१ साली कोणीतरी एका तळटिपेत लिहिलं. तळटिपेत, आत्या! राष्ट्रीय सुट्टी ठरली त्यानंतर, यादवी युद्धात. काही लोक म्हणतात, खरा पहिला आभारदिन १६३७चा, मूळ लोकांचं एक अख्खं गाव माणसांसकट जाळल्यानंतरचा. अभ्यासकांना तेही जसंच्या तसं मान्य नाही. ज्याला जे मूळ हवं ते तो उचलतो.

पण ज्यावर वाद नाही तेच मला पचत नाही. जहाजावरच्यांनी किनाऱ्यावर पाय ठेवल्यावर आधी दुसऱ्यांनी पुरून ठेवलेला मका उकरून नेला. (पुढे भरपाई केली, असं तेच लिहितात.) वस्ती केली ती रोगाच्या साथीत ओसाड झालेल्या गावात. आणि ज्या सरदाराबरोबर तीन दिवस जेवले, त्याच्याच मुलाशी पंचावन्न वर्षांनी लढाई झाली. त्याचं शीर कापून खांबावर लावलं. वीस वर्षांवर तिथे होतं. ते शीर गावात आणलं, त्या दिवशीही गावात देवाचे आभार मानणं चाललं होतं. त्याचा मुलगा, म्हणजे पंगतीतल्या सरदाराचा नातू, नऊ वर्षांचा. त्याला समुद्रापार गुलाम म्हणून विकलं.

नऊ वर्षांचा. चौथीतलाच की.

मी शीर लिहिलं नाही. मलाही कळतं. एकच वाक्य लिहिलं, "पुढे ही मैत्री तुटली, लढाई झाली, आणि त्या सरदाराच्या नऊ वर्षांच्या नातवाला घरापासून दूर विकण्यात आलं."

परीक्षित सरांनी वाचलं आणि म्हणाले, "बढ़िया. ये बी वर्शन में जाएगा." मी विचारलं, बी म्हणजे? तेव्हा कळलं. गिऱ्हाइकाला दोन प्रती हव्यात. काही गावांना अ प्रत, काहींना ब. सर मला समजावत होते, अगदी प्रेमाने. "देखो संपदा, एक में मुस्कुराना है, एक में शर्मिंदा होना है. डेडलाइन दोनों की एक ही है."

निहारने तर चित्र एकच काढलंय. अ प्रतीसाठी सगळ्यांचे ओठ वर, ब साठी खाली. "मतलब ताई, बाकी सगळं तेच आहे, फक्त ओठ बदलायचे." त्याला त्यात काही वाटलं नाही. मला मात्र एवढी शिसारी आली की मी कचोरीची प्लेट तशीच टाकून उठले. मग येऊन बसले आणि अ प्रतीत लिहिलं, "आणि ते कायमचे मित्र राहिले." ते वाक्य मीच लिहिलं, आत्या. सरांनी सांगितलंही नव्हतं.

रडून ते वाक्य खोडलं. सरदाराच्या नातवाचं वाक्य अ प्रतीतही घातलं आणि दोन्ही पाठवून दिल्या. बघू.

तुला हे माहीत होतं का?

संपदा


मेपल रिज
१ सप्टेंबर २०२४

चि. संपदा,

तुझं पत्र वाचलं. तू हुशार आहेस, पण तुझं वय सगळं मनाला झोंबायचं आहे.

नऊ वर्षांच्या पोरांना हे कशाला? आपल्या होळीच्या गोष्टीत बाई जळते. आपण पुरणपोळी खाताना तिच्या नावाने रडतो का? सण मुळातून किती उकरायचा याला मर्यादा असते. उकरलं की कुठेही हाडंच लागतात. इथल्या लोकांनी मला पानावर बसवलं हेही खरंच आहे ना? ते कोणत्या प्रतीत जाणार?

काम कर, नोकरी सांभाळ. साहेबाशी वाद घालू नकोस. मला सध्या बैठका फार असतात, म्हणून एवढंच.

आत्या


जयपूर
२० सप्टेंबर २०२४

आत्या,

अ प्रतीवर शेरे आले. एका गावाच्या पुस्तक समितीने वाचून पाठवलेत. गावाचं नाव गिऱ्हाइकाने काढून टाकलंय, नुसत्या सह्यांची आद्याक्षरं आहेत.

शेरा पहिला, नातवाचं वाक्य काढावं. शेरा दुसरा, त्या जागी एक छोटी गोष्ट घालावी. गोष्टही लिहूनच दिलीय. दूर देशातून एक नवी नवरी येते. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी शेजारीण दार वाजवते. नवरी मांस खात नाही म्हणून तिचं ताट वेगळं करतात. शेंगा, रताळं आणि आंबटगोड चटणी, जी तिला घरच्या चिंचेची आठवण करून देते.

खाली आर. के.

रत्नमाला केळकर. आत्या, ती तूच ना?

संपदा


जयपूर
१२ ऑक्टोबर २०२४

आत्या,

तीन आठवडे झाले. तुझं उत्तर नाही. तेच उत्तर समजते.

तुला कळवायचं एवढंच की मी ते वाक्य काढलं. सर म्हणाले, "आज शाम तक." मी लगेच काढलं. लिहायला दोन आठवडे लागले होते, काढायला पापणी लवेपर्यंतचा वेळ. त्या जागी तुझी नवरी बसवली. निहारने तिला हिरवी साडी दिली आणि मला विचारलं, "ताई, नथ घालू?" मी हो म्हटलं.

मग खाली गेले, दातांच्या दवाखान्याबाहेरच्या बेसिनवर हात धूत उभी राहिले. कंपाउंडर म्हणाला, "मॅडम, पानी बंद कर दो."

मला तुझी किळस आली, हे खरं आहे. लहानपणापासून तुझी पत्रं बाबा आम्हाला मोठ्याने वाचून दाखवायचे, त्या तुझी. पण माझी जास्त आली. तू निदान तुझ्या नावाची अक्षरं घातलीस. माझं नाव त्यात कुठेच नाही.

संपदा


मेपल रिज
१८ ऑक्टोबर २०२४

संपदा,

हो. मीच.

उत्तर दिलं नाही कारण आधी खोटंच लिहिलं होतं. दोनदा. पुसलं. आता लिहिते ते वाचून बाबांना सांगायचं की नाही ते तू ठरव.

आमच्या गावच्या शाळेच्या पुस्तक समितीवर सहा जण आहेत. मी निवृत्त झाल्यावर ग्लेननेच मला घेतलं. डोरोथीचा मुलगा, तोच अध्यक्ष आहे. तुझा धडा आला तेव्हा तो तू लिहिलायस हे मला पहिल्या पानावरच कळलं. वाचून मला तुझा अभिमान वाटला. खरंच.

बैठक खुली होती. मागे बसलेली एक बाई उभी राहिली. तिची आजी मूळ लोकांपैकी होती, ज्यांना इथे इंडियन म्हणतात. ती म्हणाली, "हे वाक्य ठेवा. दर नोव्हेंबरात माझी मुलगी शाळेतून कागदी पिसांचा मुकुट घालून येते आणि जेवेपर्यंत बोलत नाही. निदान एका वाक्यात तरी तिचे लोक असू देत." ग्लेन माझ्याकडे वळला आणि हसून म्हणाला, "आपल्याकडे आपली स्वतःची इंडियन आहे की! रत्नाला विचारू."

सगळे हसले. ती बाई सोडून.

मीही हसले, संपदा. ते हसू नासलेल्या दुधासारखं अजून माझ्या तोंडात आहे. आणि हसता हसता मी म्हणाले, "मुलांना ज्यात स्वागत होतं अशी गोष्ट हवी." मग ती नवरीची गोष्ट सांगितली. ग्लेनच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, "हेच लिहून द्या." मी लिहून दिलं. ती बाई उठून गेली.

आणि ती गोष्टही पुरती खरी नव्हती.

१९८३ला त्या पंगतीला ग्लेन आठ वर्षांचा होता. शाळेत केलेला पिसांचा मुकुट त्याने आणला होता. त्याच्या वडिलांनी तो उचलून तुझ्या काकांच्या डोक्यावर ठेवला. म्हणाले, "बघा, या वर्षी आपल्या टेबलावर खराखुरा इंडियन!" टाळ्या पडल्या. मग काकांना हात वर करून सिनेमातल्या रेड इंडियनांसारखं 'हाऊ' म्हणायला लावलं. काकांनी म्हटलं. मग पुन्हा म्हणायला लावलं, फोटोसाठी. जेवण संपेपर्यंत मुकुट डोक्यावर होता. खोली तापलेली, घामाने कागदाचा लाल रंग त्यांच्या कपाळावर ओघळला. मी समोर बसून रताळं खात होते. त्यांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी मान खाली घालून रताळं खात राहिले.

घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "रत्ना, तू जात जा. मी त्या दिवशी ड्यूटी घेईन." निवृत्त होईपर्यंत त्यांनी दर वर्षी त्या दिवशी ड्यूटी घेतली. निवृत्त झाल्यावर दर वर्षी त्या दिवशी त्यांचं पोट दुखायचं. आणि मी दर वर्षी गेले. लोकांना सांगायचे, हॉस्पिटलवाल्यांना कुठली सुट्टी!

तू लिहिलंस 'कायमचे मित्र राहिले' हे वाक्य तुला कोणी सांगितलं नव्हतं. मलाही कोणी सांगितलं नव्हतं.

रत्नमाला


जयपूर
४ नोव्हेंबर २०२४

आत्या,

तुझं पत्र दिवाळीच्या आधी आलं. इथे या वेळी दिवाळी कोणत्या तारखेला यावरच पंडितांची भांडणं चालली होती, शेवटी एकतीसला झाली. मी कराडला गेले नाही. बाबांना सांगितलेलं नाही. त्यांच्या तोंडून तुझं कौतुक ऐकायला नको वाटलं.

काकांचं वाचून मी खूप रडले. पण तुझी शिसारी त्याने गेली असं नाही. उलट वाढली. काका मुकुट घालून बसले होते, तरी चाळीस वर्षांनी दुसऱ्या एका मुलीच्या डोक्यावरचा मुकुट तू काढू दिला नाहीस. तुला तर आतून माहीत होतं. गोड बोलायचं असेल तर पत्र कशाला लिहायचं?

आता माझं ऐक. धडा छापायला जाण्याआधी लिहिणाऱ्याने एका कागदावर सही करायची असते, 'यातील सर्व तथ्ये तपासली आहेत.' मी सही केली नाही. परीक्षित सरांनी आधी चहा मागवला. मग म्हणाले, "धड्यात खोटं एक तरी वाक्य दाखव." आणि आत्या, मला दाखवता येईना! आलेले लोक, मका, पंगत, तुझी नवरी, सगळं घडलेलं. मी म्हटलं, "सर, जे नाही ते खोटं आहे." ते म्हणाले, "जो नहीं है, उस पर साइन थोड़े ही करना है."

तरी मी केली नाही. त्यांनी निहारला बोलावलं. त्याची बायको स्वप्नाली, तिला सातवा लागलाय. त्याने माझ्याकडे न बघता सही केली. चित्रं काढणाऱ्या मुलाने इतिहास तपासला. कोणाला काही फरक पडला नाही. संध्याकाळी फाटकापाशी तो म्हणाला, "ताई, तुम्ही रागावलात? मतलब, मी काय करणार होतो?" मी रिक्षाला हात केला.

मला आता गणिताकडे टाकलंय. अपूर्णांक. पोळीचे चार भाग, पिझ्झ्याचे आठ. दुसरीकडे अर्ज करतेय. तोवर हेच.

तू अजून तिथेच आहेस, त्या समितीत, त्या टेबलावर. पुढे काय करायचं हे मी तुला सांगणार नाही.

संपदा


मेपल रिज
३० नोव्हेंबर २०२४

संपदा,

तू सांगितलं नाहीस हे बरं केलंस. सांगितलं असतंस तर तू सांगितलंस म्हणून केलं असतं.

एकोणीस तारखेला समितीची बैठक होती. मी उभी राहून माझी सही मागे घेतली आणि तुझं वाक्य वाचून दाखवलं. पाठ होतं. ग्लेन म्हणाला, धडे वर्गात पोचले, आता उशीर झाला. इतिवृत्तात नोंद झाली, 'श्रीमती केळकर यांनी पाठिंबा मागे घेतला. धडा कायम.' ती बाई आली नव्हती. तिचा पत्ता काढून मी घरी गेले. तिने दार उघडलं, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्हाला बरं वाटावं म्हणून आलात ना? वाटलं का?" मी नाही म्हटलं. तिने दार लावून घेतलं. तिचं बरोबरच होतं.

गुरुवारी, थँक्सगिव्हिंगला, डोरोथीकडे गेले. जाणार नव्हते, पण न जाणं म्हणजे पुन्हा पोटदुखीच. जेवणाआधी इथे एकेक जण सांगतो, यंदा कशाबद्दल आभार. माझी पाळी आली तेव्हा मी सुधाकरची गोष्ट सांगितली. मुकुट, फोटो, कपाळावरचा लाल रंग, माझं रताळं. इंग्रजीत सांगितली आणि एकदाही अडखळले नाही.

कोणीतरी बटाट्यांचं भांडं पुढे सरकवलं. कोणी घेतलं नाही.

ग्लेन म्हणाला, "रत्ना, मी आठ वर्षांचा होतो."

मी म्हटलं, "माहीत आहे. मी सत्तावीस वर्षांची होते."

डोरोथीला हल्ली नीट ऐकू येत नाही, मला वाटलं तिला कळलंच नाही. पण ती हळूहळू म्हणाली, "त्याने आमच्या स्वयंपाकघरात तोंड धुतलं होतं. खूप वेळ. मी दारात उभी होते. आत गेले तर काहीतरी बोलावं लागेल, म्हणून परत फिरले."

एकेचाळीस वर्षं! मला वाटायचं, हे फक्त मलाच माहीत आहे. मी विचारलं, "तुला माहीत होतं, तर दर वर्षी मला कशी बोलवत राहिलीस?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, तिला खरोखर नवल वाटलं होतं. म्हणाली, "तू येत राहिलीस."

मला तिचा राग आला नाही. याहून खरं उत्तर तिच्याकडे नव्हतं. मी उठून कोट घातला. दुपारचे चार वाजले होते, बाहेर अजून ऊन होतं. दारापर्यंत कोणी आलं नाही.

आत्या